यंत्राने नोकरी नेली, ही गोष्ट

यंदा जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात एक पालक मला भेटायला आले. मी चित्रकला शिकवते. त्यांच्या मुलीचा हात चांगला आहे, इंटरमीजिएटच्या परीक्षेत तिला वरची श्रेणी मिळालेली. गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, पोरगी पुढं चित्रकलेलाच जायचं म्हणते. पण आता चित्रं यंत्रच काढतं म्हणतात. काढणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या म्हणे. खरं काय ते तुम्ही सांगा."

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. कलेला मरण नाही वगैरे. ते समाधानाने नव्हे, सभ्यतेने उठून गेले. त्या उत्तराची टोचणी मला उन्हाळा सरून दिवाळी आली तरी गेलेली नाही.

अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे; मॅट्रिकपुढे कोणत्याच शास्त्राशी माझा नीट परिचय झाला नाही. पण गोष्ट कशी रचतात, तिच्यात खरे किती आणि सोयीचे किती, हे चार कादंबऱ्या लिहिल्यावर थोडेफार कळू लागते. आणि 'यंत्राने माणसांच्या नोकऱ्या नेल्या' ही आधी एक गोष्टच आहे. शंभर वर्षे ती सांगितली जाते आहे. तेव्हा गोष्ट म्हणूनच ती तपासून पाहावी, असे मी ठरविले.

तिचा पहिला थोर कथनकार कारेल चापेक. त्याचे 'आर. यू. आर.' हे नाटक 1920 सालचे. प्राग येथे ते 1921 साली रंगभूमीवर आले. जगाला 'रोबो' हा शब्द या नाटकाने दिला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, जमीनदाराकडे फुकट करावयाचे राबणे. हा शब्द कारेलला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, सुचविला. चापेकच्या नाटकातील कारखानदाराचे स्वप्न उदात्त आहे: रोबोंनी सारे उत्पन्न करावे, वस्तू कवडीमोल व्हाव्यात, माणूस श्रमातून सुटावा. पुढे होते भलतेच. रोबो उठतात आणि माणसांना मारून टाकतात. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात, आल्क्विस्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्याला. का, तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. नाटकातले मला सर्वांत आवडलेले स्थळ हेच आहे.

परंतु चापेकने एक खोड लावून ठेवली. त्याने यंत्राला तोंड दिले, हातपाय दिले, दाराशी उभे केले. तेव्हापासून आपण दाराकडे पाहत बसलो आहो. यंत्र येईल, कॉलर धरील, खुर्चीवरून उठवील! असे कोणी दाराशी दिसले नाही, की आपल्याला वाटते, संकट आलेच नाही.

दुसरी कृती कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'प्लेअर पियानो' ही कादंबरी, 1952 सालची, त्याची पहिलीच. हिच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे. माझे इंग्रजी शाळेपुरते, त्यामुळे पुस्तक वाचायला मला दीड महिना लागला. एक कबुली देऊन टाकते. पूर्वी असे पुस्तक हाती घेतले की अडलेल्या शब्दांची यादी करून मी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे जात असे. चहा होई आणि शब्दांबरोबर आणखी पाच गोष्टी कळत. या वेळी मी सारे शब्द भ्रमणध्वनीतल्या यंत्राला विचारले. सरांची नोकरी गेली नाही. पण माझ्या बाबतीत त्यांचे काम गेले, आणि ते त्यांना कळलेसुद्धा नाही. पुढच्या विवेचनात या लहानशा गोष्टीचा मला उपयोग होणार आहे.

व्हॉनेगट स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होता. आपोआप चालणारी यंत्रे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिली. त्याच्या कादंबरीत इलियम नावाचे गाव आहे. नदीच्या एका अंगाला यंत्रे आणि ती चालविणारे मूठभर इंजिनिअर, दुसऱ्या अंगाला बाकीची सारी माणसे. त्यांतला रूडी हर्ट्झ हा जुना कारागीर मला विसरता येत नाही. लेथवर त्याचा हात सर्वांत सफाईदार, म्हणून तरुण इंजिनिअर त्याची निवड करतात. त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदवून घेतात. मग ती फीत लावली की कोणतेही लेथ रूडीसारखे चालू लागते आणि रूडीची गरज उरत नाही. पण त्या दिवशी रूडीला अभिमान वाटलेला असतो! इंजिनिअर त्याला बिअर पाजायला नेतात. साऱ्या कारखान्यातून आपल्यालाच निवडले, या आनंदात तो पितो. पुढे अनेक वर्षांनी म्हातारा रूडी त्याच इंजिनिअरला गुत्त्यात भेटतो, त्याच्या सन्मानार्थ नाणे टाकून आपोआप वाजणारा पियानो लावतो. पट्ट्या खाली-वर होतात, वाजविणारा कोणी नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे आजचे यंत्र नेमके असेच घडलेले आहे. लेखकांची पुस्तके, भाषांतरकारांची भाषांतरे, चित्रकारांची चित्रे यांवरून ते शिकले. फरक इतकाच की रूडीला निदान विचारले होते, बिअर पाजली होती. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखकांच्या संस्थेने जानेवारी 2024 मध्ये आपल्या सभासदांना काही प्रश्न विचारले. उत्तर देणाऱ्यांपैकी भाषांतरकारांत 36 टक्के आणि पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्यांत 26 टक्के म्हणाले की, या यंत्रापायी आमचे काम आधीच गेले आहे. उत्तर देणारे थोडे होते आणि ज्याला बोचते तोच आधी उत्तर देतो, हे धरूनही आकडा लहान नाही.

तरीसुद्धा व्हॉनेगटवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो मोठा आहे. त्याच्या इलियममध्ये काम गेलेल्यांना घर आहे, चूल पेटते आहे, दूरचित्रवाणी आहे. गेला आहे तो फक्त स्वाभिमान. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, ही खंत त्याने अप्रतिम रंगविली. पण ती भरल्या पोटाची खंत आहे. काम गेले की किराण्याची उधारी थांबते, पोरीची फी राहते, हे त्याच्या पुस्तकात कोठे येत नाही. श्रीमंत देशातल्या लेखकाला ते दिसले नसावे.

ते दिसले आपल्याकडच्या जयंत पवारांना. त्यांचे 'अधांतर' हे नाटक 1997 सालचे. विषय यंत्राचा नाही, मुंबईच्या गिरणी संपाचा आहे, आणि तरी यंत्र आणि नोकरी यांविषयी विचार करताना मला चापेकपेक्षा तेच अधिक उपयोगी पडले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नाटक घडते ते त्यानंतर, लालबाग-परळच्या एका खोलीत, कामगाराच्या घरात. मालक रंगमंचावर येत नाही. गिरणीही येत नाही. येतात ती कर्ती झालेली, पण कोठेच न लागलेली मुले. त्यांतला एक गुंडगिरीकडे वळतो. आई सगळ्यांना धरून ठेवू पाहते.

गिरणगावात पूर्वी 'बदली'ची पद्धत होती. तरुण पोरगा सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. आत कोणी रजेवर असला तर त्या दिवसापुरता त्याला घेत. असे दिवस साचत साचत तो एक दिवस कायम होई. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कायम कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांची मोजदाद झाली, मोर्चे निघाले. पण ज्या पोराने पुढल्या वर्षी दारात उभे राहावयाचे होते, त्याचे काय गेले? कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही. त्याला कोणी काढले नाही, कारण त्याला कोणी घेतलेच नव्हते. 'अधांतर'मधली मुले ती आहेत. न मिळालेल्या नोकरीला नाटकात प्रवेश लिहिता येत नाही, असे मला वाटत असे. पवारांनी तो लिहिला.

आणि संपाची गोष्ट आणखी एका कारणाने आठवते. गिरण्या कशाने मेल्या, असे विचारले तर आजही निम्मे लोक सांगतील, संपाने. जुनाट यंत्रसामग्री, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, मालकांची उदासीनता या गोष्टी मागे पडल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि जेथे चिमण्या होत्या तेथे मनोरे उभे राहिले, तेव्हा कारण कोणते आणि निमित्त कोणते, याचा पुष्कळांना उलगडा झाला. निमित्ताचे नाव मोठे होते, कारणाला नाव नसते.

हे मनात ठेवून आजच्या गोष्टीकडे वळावे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले. तेव्हापासून कंपन्यांची निवेदने मी जमवीत आले आहे. निवेदन हाही एक वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही; त्यालाही वाचक असतो, आणि तो बहुधा भागधारक असतो. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये अभिमानाने सांगितले की, ग्राहकांशी बोलणारे आमचे यंत्र सातशे माणसांचे काम करते. 2025 मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखाने कबूल केले की, काटकसरीच्या नादात कामाचा दर्जा घसरला, आणि पुन्हा माणसे घेण्यास सुरुवात झाली. उलट आपल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै 2025 मध्ये सुमारे बारा हजार, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या दोन टक्के, माणसे कमी करण्याचे ठरविले, आणि तिचे प्रमुख म्हणाले की, याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. एकजण यंत्राला पुढे करतो, दुसरा मागे लपवितो. माणसे दोन्हीकडे घरी जातात. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर या साऱ्या निवेदनांत एक गंमत आहे: वाक्ये कर्मणी असतात. 'कर्मचाऱ्यांची संख्या कमी करण्यात येत आहे.' येत आहे, ठीक, पण कोणाकडून? आम्ही सहावीच्या मुलांना कर्ता शोधायला लावतो. 2022 नंतर वाढलेले व्याजाचे दर, साथीच्या काळात केलेली बेसुमार भरती, या कर्त्यांना वाक्यात जागा मिळत नाही. यंत्राला मिळते, कारण ते आधुनिक दिसते.

मग हे सारे निमित्तच म्हणावे काय? असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याजवळ पुरावा आहे. येल विद्यापीठातील अभ्यासकांनी ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेचा एकूण रोजगार तपासला. चॅटजीपीटी आल्यापासून कामधंद्यांच्या घडणीत डोळ्यांत भरण्याजोगी उलथापालथ त्यांना आढळली नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे पंचवीस हजार नोकरदारांची नोंद पाहिली गेली; यंत्र वापरणाऱ्यांच्या पगारात किंवा कामाच्या तासांत म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. भविष्यवाद्यांची फजितीही आपण पाहिली आहे. जेफ्री हिंटन हे या विद्येचे एक जनक. 2016 साली ते म्हणाले की, क्ष-किरणांची छायाचित्रे वाचणारे डॉक्टर आता तयार करू नयेत, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. ती पाच वर्षे केव्हाच उलटली. यंत्रे रुग्णालयांत आली, पण त्या डॉक्टरांना अमेरिकेत आजही मागणी आहे. ऑक्सफर्डच्या दोघा अभ्यासकांनी 2013 साली अमेरिकेतले 47 टक्के रोजगार धोक्यात असल्याचे लिहिले होते, ते वाचून किती घरांत झोप उडाली असेल!

इथे थांबले असते तर त्या पालकांना मी बिनघोर सांगितले असते, जाऊ द्या पोरीला. पण ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून आणखी एक निबंध आला आणि 'अधांतर'ची मुले माझ्यापुढे पुन्हा उभी राहिली. पगारपत्रकांच्या फार मोठ्या संग्रहावरून त्या अभ्यासकांनी असे काढले की, ज्या धंद्यांवर या यंत्राची छाया सर्वांत गडद, जसे संगणकाची आज्ञावली लिहिणे किंवा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणे, त्यांत 22 ते 25 वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या मानाने 13 टक्क्यांनी खाली आला आहे. त्याच धंद्यांतली वयाने मोठी, मुरलेली माणसे मात्र जागेवर आहेत. म्हणजे एकूण बेरीज पाहिली तर काही हलले नाही. हलली ती खालची पायरी. आत असलेल्यांना यंत्राने बाहेर काढले नाही. बाहेर उभ्या असलेल्यांना कोणी आत बोलाविले नाही. बदलीची पद्धत मोडली, दार उघडे दिसते आहे.

या निबंधावरही वाद आहेत, याच घसरणीला इतर कारणे दाखविणारे आहेत. तरी माझा कल त्याच्याकडे आहे, आणि तो कल निव्वळ वाचनातून आलेला नाही, हे सांगितले पाहिजे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुस्तकांसाठी चित्रे काढते. लहान मुलांच्या गोष्टी, मार्गदर्शिका, दिवाळी अंकांतली कथाचित्रे. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या या अंकांवर चित्रकारांची कितीतरी घरे उभी राहिली. तिचे त्यांतले लहानसे. सप्टेंबर उजाडला की तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. दोन वर्षांपूर्वी फोन कमी आले. गेल्या वर्षी जवळजवळ आलेच नाहीत. तिला कोणी काढून टाकले नाही, कोणी अपमान केला नाही. संपादक भेटले तर प्रेमाने बोलतात. ती कोणत्या पाहणीत मोजली जाईल? तिला नोकरीच नव्हती.

यंदा ऑगस्टात एका प्रकाशकाचा फोन आला, म्हणून ती आनंदाने मला सांगायला आली. काम नवे नव्हते. चित्रे यंत्राने काढून झाली होती; ती 'जरा नीट करून' द्यावयाची होती. मोबदला, पूर्वी एका चित्राला मिळे त्याचा चौथा हिस्सा. तिने कागद टेबलावर पसरले. रंग कसे झळझळीत! पण नऊवारी नेसलेल्या बाईला काष्टाच नव्हता, निऱ्यांचा घोळ स्कर्टासारखा गरगरीत पसरला होता. एका आजोबांच्या हाताला सहा बोटे. एका चित्रात बैलगाडी, आणि जू वशिंडाच्या मागे ठेवलेले.

"आणि गंमत सांगू का बाई," ती म्हणाली, "या झाडाची पानं मी काढते तशी आहेत. अशी टोकाशी वळवलेली. मीच काढते तशी."

तिची चित्रे यंत्राने कोठे पाहिली असतील की नाही, हे मला किंवा तिला कळण्याचा मार्ग नाही. टोकाशी वळलेली पाने आणखीही कोणी काढत असेल. परंतु तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होते त्यात थोडा अभिमानही होता, आणि मला रूडी हर्ट्झची बिअर आठवली. तिला मी ते सांगितले नाही.

'प्लेअर पियानो'च्या शेवटी इलियमचे लोक चिडून यंत्रे फोडतात. सारे गाव मोडून पडते. मग स्टेशनात सरबत देणारे एक मोडके यंत्र दिसते आणि त्यांच्यातलाच एक माणूस ते दुरुस्त करावयास बसतो. भोवती गर्दी जमते, सगळ्यांचे डोळे चमकू लागतात. टीकाकार याला उपहास म्हणतात. मलाही पहिल्या वाचनात तसेच वाटले होते. आता वाटत नाही. हाताला काम मिळाले, एवढेच त्या माणसाला दिसते आहे. ते काम कशाचे आहे, हे पाहण्याइतकी सवड त्याला नाही.

त्या पालकांना मी दसऱ्याच्या आधी पुन्हा बोलावून घेतले. म्हटले, तेव्हा मी नीट बोलले नाही. चित्रे काढणाऱ्यांच्या साऱ्या नोकऱ्या गेल्या, हे खरे नाही. काही गेले नाही, हेही खरे नाही. जे मुरले आहेत ते टिकून आहेत. मुरण्याआधी जी चार वर्षे मिळत, बारीकसारीक कामे करून हात बसविण्याची, ती आता मिळतील असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती चार वर्षे घरून सोसता येतील का, ते तुम्ही पाहा. त्यांनी बराच वेळ खाली पाहिले. मग म्हणाले, "धाकटा भाऊ आहे तिला. त्याचंही आहे." आणि पुन्हा सभ्यपणे उठले.

माझी विद्यार्थिनी त्या संध्याकाळी पुष्कळ वेळ बसली होती. काष्टा तिने झरझर घातला, सहावे बोट खोडले. बैलगाडीपाशी अडली. ती शहरात वाढलेली, जुंपलेली जोडी तिने जवळून पाहिली नव्हती. "बाई, जू नेमकं कुठं येतं हो?"

उत्तरपत्रिकेचा एक कोरा कागद घेऊन मी तिला काढून दाखविले. जू वशिंडाच्या पुढे, मानेवर. ही दोन्ही अंगांची शिवळ. हे गळ्याखालून आणलेले जुपणे. तिने कागद दिव्याखाली धरून दोनदा पाहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि यंत्राच्या बैलाची मान दुरुस्त करायला घेतली.